दोन गुणांची ओळ

"पुसा ती ओळ, आजी," असं म्हणून त्यानं डस्टर माझ्या हातात दिलं.

तो शाळेचा सचिव. तुमच्या बाबांच्या वयाचा. निवृत्तीनंतर अकोल्यातल्या या इंग्रजी शाळेत मी तासिकेवर गणित शिकवते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नातवंडं फोनवर आजी म्हणता तेव्हा बरं वाटतं. त्यानं सगळ्या शिक्षकांसमोर म्हटलं, त्याचा अर्थ एवढाच होता की हिला कोण विचारतो.

फळ्यावर नववीच्या चाचणीचा तक्ता होता. मीच लिहिलेला. एका बाजूला दहापैकी गुण, समोर तेवढे गुण मिळवणारी मुलं. दोन गुण, एक मुलगी. सहा गुण, आठ मुलं. सात, पंधरा. आठ, अकरा. नऊ, पाच. प्रत्येक ओळीचा गुणाकार, सगळ्यांची बेरीज दोनशे अठ्ठ्याऐंशी, भागिले चाळीस. सरासरी सात पूर्णांक दोन.

ती एक मुलगी बाळापूरहून एसटीनं येते. हुशार नाही. फार मेहनती आहे असंही मी म्हणणार नाही. पण येते.

मी डस्टर टेबलावर ठेवलं. त्यानं तळहातानंच ओळ पुसली आणि मोबाइलवर भागाकार केला. सात पूर्णांक तेहेतीस. एका मुलीनं अ‍ॅव्हरेज खाल्लं म्हणाला. मग नेहमीचंच. तिच्या वडिलांना बोलवा, सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगा, दहावीला बाहेरून बसू दे. म्हणजे शाळेच्या निकालात ती धरली जाणार नाही. गणित माझं, म्हणून सांगायचंही मीच.

पाय दुखत होते. वाद नको होता. तरी म्हटलं, मध्यक काढून बघा. मुलांना गुणांप्रमाणे रांगेत उभं करा आणि मधल्याचे गुण बघा. ती असताना सात. ती नसताना सात. वर्ग जिथे होता तिथेच आहे.

"मीडियन कोणी फ्लेक्सवर छापतं का, आजी?"

सगळे हसले. शेजारची इंग्रजीची मॅडमही हसली. तिला नोकरी टिकवायची आहे.

माझं माहेर अंजनगाव सुर्जी. अमरावतीच्या कॉलेजात एकदा 'मला'ऐवजी 'मले' म्हणाले आणि मुली हसल्या. तेव्हापासून ती बोली मी गिळत आले. वर्गात, घरात, तुमच्याशीसुद्धा. त्या दिवशी गिळवली नाही.

"तिले काहून काढता? पोरगी रोज वर्गात येते."

"मॅडम, भाषा," तो म्हणाला.

"माही भाषा हेच हाय. अन् तिच्या बापाले मी सांगणार नाही."

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनं बोललंही नाही.

रविवारी मी बाळापूरला गेले. तिचे वडील भाजीचं दुकान लावत होते. शाळेतून कोणीही आलं तरी फॉर्मवर सही करू नका, एवढंच सांगितलं. माझ्या तासिका आता बंद होतील. होऊ देत. पोरीला मी घरी शिकवीन.

त्यांनी कोथिंबिरीवर पाणी मारलं आणि विचारलं, "पण मॅडम, नापास झाली तं?"

"झाली तं शाळेच्या नावानं होईन," मी म्हटलं. "पण तिले मोजाच लागन."