बेटावरचं जोतं

भिंती नसलेल्या घरातही दारानेच आत गेलं पाहिजे, असा आग्रह धरणारा माणूस उभ्या आयुष्यात मला एकच भेटला, आणि त्याच्याविषयी लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग मसोलीत घर बांधणं झालं, मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, तेव्हा तेही कारण संपलं.

त्यांना सगळे दादा म्हणत. तलासरीकडच्या डोंगरांत एक धरण आहे, त्याच्या पाण्याच्या काठाशी दादांचं दोन खोल्यांचं लॉज होतं. फलकावर नुसतंच 'लॉज' लिहिलेलं. नाव का दिलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, "दुसरं असतं तर वेगळं ओळखायला नाव लागलं असतं." धरण भरलं की भोवतालच्या टेकड्या बुडतात आणि त्यांचे माथे तेवढे वर राहतात. सकाळी धुक्यात ते माथे पाण्यावर ठेवल्यासारखे दिसतात. वाटतं, रात्रीतून कुणी इकडचे तिकडे सरकवले तरी पत्ता लागायचा नाही. बगळे उडतात तेही आवाज न करता. हे बघायला मुंबईचे, वापीचे, सुरतेचे लोक यायचे. फोनवर ते विचारत, खोली आहे का, एसी आहे का. दादा सांगत बेटं किती आहेत ते. "सध्या चार आहेत. जानेवारीत या, नऊ होतील. होळीनंतर दोनच राहतात, मग माझ्याकडे तक्रार नको." पाणी उतरत जाई तशी बुडालेली टेकाडं डोकं वर काढत आणि काठाजवळची जमिनीला जाऊन मिळत. या हिशेबात दादांची कधी चूक झाली नाही. खोल्यांच्या हिशेबात मात्र व्हायची. एकदा त्यांनी एकाच खोलीत दोन कुटुंबं घातली आणि वर समजूत काढली, "खोली एक असली तरी बेटं नऊ आहेत की, वाटून घ्या."

मे महिन्यात एकही बेट नसायचं. तळाला भेगाळलेली जमीन आणि मधोमध डबक्याएवढं पाणी. वापीचं एक कुटुंब अशा वेळी सामानसुमान घेऊन येऊन पोचलं. शेठ काठावर उभे राहून म्हणाले, "काका, पाणी क्यां छे?"

"सुट्टीवर गेलंय," दादा म्हणाले. "तुम्ही नाही का आलात? तसंच."

आणि त्यांनी त्या सगळ्यांना बेट दाखवायला नेलं. पायी. खांद्यावर वल्हं घेऊन. बोटीत बसवतात त्याच क्रमाने, वजनदार मंडळी मध्ये आणि मुलं पुढे, अशी रांग करून. वाटेत एका जागी ते सरळ न जाता मोठा वळसा घेत. पाणी असताना बोटही तिथे अशीच वळायची आणि पाहुण्यांना वाटायचं, खाली खडक असेल. मे महिन्यात कळायचं की तिथे एक साधं गोल, सपाट खळं आहे. "भात झोडायची जागा ती," दादा सांगत. "चपला घालून खळ्यात जात नाहीत, मग बोट कशी न्यायची?"

प्रत्येक बेटाला त्यांनी नाव दिलेलं होतं. एक मामाचं, एक मोहाचं, एक भांडणाचं. त्या भांडणाच्या टेकाडासाठी दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षं कोर्टात जात होते. आता तिथे खंड्या पक्षी बसतो. "त्याने वकील केला नव्हता," दादा म्हणत.

लॉजच्या पहिल्या खोलीत एक कॅलेंडर होतं. कुणा पाहुण्याने दिलेलं, स्कॉटलंडच्या सरोवरांचं. वर्ष केव्हाच संपलं, कॅलेंडर भिंतीवरच राहिलं. निळंकाळं पाणी, त्यात बेट, बेटावर पडका किल्ला. दादा त्याच्यासमोर तासन्‌तास बसत. एकदा मला म्हणाले, "साहेब, हे पाणी चांगलं आहे. पण खाली कुठलं गाव आहे?"

मी म्हटलं, "दादा, ते धरण नाही. नैसर्गिक सरोवर आहे. देवाने केलेलं."

"देवाने?" त्यांनी चित्रातल्या पाण्यावर बोट ठेवलं. "मग कुणाला नोटीस नाही आली?"

"नाही."

"बरं आहे त्यांचं," दादा म्हणाले, आणि कॅलेंडर थोडं तिरकं झालं होतं ते सरळ केलं.

आता त्या घराविषयी. सगळ्यात मोठ्या बेटावर दगडमातीचं एक जोतं आहे. पाच पायऱ्या, ओटा आणि मागे मोकळी चौकोनी जागा. भिंती नाहीत, छप्पर नाही, गवत मात्र भरपूर. हे दादांचं जुनं घर. बोट लागली की पाहुणे उत्साहाने कुठूनही वर चढत आणि दादा ओरडत, "अहो, भिंतीतून काय येता? दार इकडे आहे!" एका बँकेच्या मॅनेजरना त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा ते दारातून आले, पण ताठ आले. "डोकं लागलं ना?" दादा कळवळून म्हणाले. "चौकट ठेंगणी आहे, वाकून या." आणि तो माणूस खरोखर कपाळ चोळू लागला. मग दादा पाहुण्यांना बायका माजघरात, पुरुष ओट्यावर असे बसवत आणि जिथे चूल होती तिथेच तीन दगड मांडून गवती चहा घातलेला कोरा चहा करत. तो पीत समोरच्या पाण्याकडे बघत बसलं की भिंती हळूहळू दिसायला लागायच्या. मला तर कौलांमधून येणारा उन्हाचा कवडसाही दिसे.

मला दिसणारच. मी ते घर उभं असताना पाहिलं होतं.

धरणाच्या मोजणीच्या तुकडीत मी नवा होतो. पाणी कुठवर येणार त्याची खूण घराघरावर करायचं काम माझ्याकडे होतं. दादांचं घर सगळ्यात वर, शेवटचं. खरं तर यंत्र आणि पट्टी वर नेऊन उंची मोजायची. पण ऊन मी म्हणत होतं, जेवायची वेळ टळून गेली होती. यंत्र मी खालीच ठेवलं, समोरच्या टेकाडावरून डोळ्यांनी अंदाज घेतला आणि लाल रंगाचा डबा तेवढा घेऊन वर गेलो. दादांच्या म्हाताऱ्या आईने मला तांब्याभर ताक दिलं. ते पिऊन मी दाराच्या चौकटीवर कमरेएवढ्या उंचीवर पट्टा ओढला. म्हातारीने विचारलं, "इथवर येल पाणी?" मी म्हटलं, "येईल, आजी." वहीत उंचीचा आकडाही लिहिला, मोजल्यासारखा.

त्या उन्हाळ्यात दादांनी घर स्वतःच्या हातांनी उतरवलं. कौल न्‌ कौल, खांब न्‌ खांब. म्हातारी म्हणत होती, पाणी आलं की जाऊ, आधी कशाला. दादांनी तिला तो पट्टा दाखवला. साहेबांनी मोजून लिहिलंय म्हणाले. पुढच्या पावसात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. पाणी चढत चढत आलं आणि दुसऱ्या पायरीशी थांबलं. त्यापुढे ते कधीच आलं नाही. म्हातारी काठावरच्या नव्या झोपडीतून सबंध दिवस तिकडे बघत बसायची. ते वर्ष काही तिने काढलं नाही.

मी स्वतःला सांगत आलो की बेटावर राहून ते करणार काय होते, आज ना उद्या उतरावंच लागलं असतं. असेलही. पण कधी उतरायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं असतं.

आणि हे सगळं दादा पाहुण्यांना कसं सांगायचे? हसत. "पाणी दारापर्यंत आलं, घरात कुणी नाही बघून लाजलं आणि परत गेलं." लोक टाळ्या वाजवत. मी चहाच्या कपात बघत राही.

निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात मी तिथे दोन दिवस जात असे. डहाणू रोडहून एसटी, पुढे शेअर रिक्षा. दर वेळी पहिली खोली मागायचो. तिला जुन्या घराची चौकट बसवलेली आहे. दादा दिवाळीला दाराला निळा रंग द्यायचे, पण लाल पट्ट्याभोवती ब्रश फिरवून तेवढा सोडून द्यायचे. "मोजून काढलेला आहे तो," म्हणायचे. त्या पट्ट्याशेजारी पडून मी दोन दिवस एक वाक्य घोटायचो आणि ते तसंच परत मसोलीला आणायचो.

गेल्या भाद्रपदात दादा गेले. मला कळायला हिवाळा उजाडला. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, लॉज चालवतात. मला बोटीत बसवून त्यांनी स्वतः वल्हं घेतलं. खळ्यापाशी वळसा घेतला. मध्यावर आल्यावर म्हणाल्या, "तुमच्याबद्दल बोलायचे ते. साहेबाच्या पोटात काहीतरी आहे म्हणायचे. मी म्हणायची, विचारा की. तर म्हणे, नको, पाणी उतरलं की दिसेलच."

वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं. तेव्हा बोलता आलं असतं. मी विचारलं, "सध्या बेटं किती?"

"मोजायचे ते," वहिनी म्हणाल्या.

बोट लागली. वहिनी चहाचं सामान काढत होत्या. मी विचारात पुढे गेलो आणि गवतातून सरळ ओट्यावर चढलो. उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, मी भिंतीतून आलो होतो. कुणी ओरडलं नाही.

मी परत खाली उतरलो, वळसा घालून पायऱ्यांशी गेलो, पाची पायऱ्या चढलो आणि दारात वाकलो. वाकून तसाच राहिलो. वाक्य ओठांपर्यंत आलं. "साहेब, चहा!" वहिनींनी माजघरातून हाक मारली, आणि मी मान वर करून आत गेलो.

दादा, मी यंत्र वर आणलंच नव्हतं. तो पट्टा मोजून काढलेला नव्हता. माझं चुकलं.