बिगुल वाजला की

आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम भिंगारला, लष्कराच्या हद्दीलगतच्या मैदानावर सराव करायची. सूर्य मावळताना आत झेंडा उतरायचा, बिगुल वाजायचा, आणि चेंडू कुठेही असो, आम्ही सावधान उभे राहायचो. आमच्या कोच सरांचा तसा दंडकच होता.

सीझनचा शेवटचा सामना श्रीरामपूरला होता. बरोबरी चालू असताना मैदानाशेजारून वरात निघाली आणि बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याने एक लांब सूर धरला. आम्ही अकराच्या अकरा जण जागच्या जागी ताठ झालो. समोरच्यांनी आरामात गोल केला.

तो सूर आधी कानाला कळला की पायांना, याचा मी अजून विचार करतो. सर आता सोलून काढणार म्हणून भीत भीत बाहेर पाहिलं. तेही टाचा जुळवून उभे होते.