सोळा नोव्हेंबरची घासाघीस

लखनौमध्ये लग्नाच्या हंगामाला सहालग म्हणतात. दिवाळीनंतरची एकादशी झाली की तो सुरू होतो आणि मांडव-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या माझ्यासारख्या टेंट हाउसवाल्याला जेवायला उसंत राहत नाही. मामा इथल्या छावणीत नोकरीला होता, त्याच्यामागे मी सोलापूरहून आलो. आधी दुसऱ्याच्या खुर्च्या वाहिल्या, मग स्वतःच्या घेतल्या. आज अलीगंजात माझं गोदाम आहे आणि कुठल्या दिवशी शहरात किती लग्नं आहेत, हे पंडितांच्या आधी मला कळतं. म्हणून माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख मीच ठरवणार, यात मला काही वावगं वाटलं नाही.

जावई फौजेत कॅप्टन. त्याला नोव्हेंबरात सुट्टी होती आणि तिथून पुढे पोस्टिंग थेट सीमेवर. ही सुट्टी हुकली तर लग्न कधी होईल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. मी सोळा नोव्हेंबर धरली. गोमतीकाठचं एक लॉन, जे भल्याभल्यांना मिळत नाही, ते अडवून ठेवलं.

व्याही निवृत्त सुभेदार. महानगर नावाच्या वस्तीत राहतात, आवाज परेडवरचा. साखरपुड्यात पाहुण्यांसमोर ते मोठ्यानं म्हणाले होते, "टेंट की चिंता मत कीजिए, समधी जी तो घर के ही टेंटवाले हैं!" सगळे हसले, मीही हसलो. पण ते हसणं मला अजून पचलेलं नाही. मुलीचा बाप म्हणून गेलो होतो, परत आलो तो टेंटवाला होऊन.

त्यामुळे तारीख सांगायला गेलो आणि ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "सोलह नहीं हो सकती," तेव्हा माझं डोकं फिरलं.

"का नाही? मुहूर्त आहे, लॉन आहे, मुलाला सुट्टी आहे. आणखी काय पाहिजे, तोफांची सलामी?"

ते चिडले नाहीत. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे एका जवानाचा फोटो होता, कान टोपीबाहेर आलेले, वय वीस-बावीस. त्यांचे वडील. बासष्टच्या चीनच्या लढाईत त्यांची पलटण वालाँगला होती, अरुणाचलच्या टोकाला. सोळा नोव्हेंबरला तिथली आघाडी कोसळली. वडील परतले नाहीत, देहही मिळाला नाही. सुभेदार तेव्हा आईच्या पोटात होते. पलटण दर वर्षी तो दिवस पाळते आणि यांच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही.

माणूस खरं बोलत होता, हे मला दिसत होतं. पण घरी आल्यावर मी भांडलोच. हे आधी सांगता येत नव्हतं? लॉन काय माझ्या खिशात आहे, वाटेल तेव्हा काढायला?

मुलगी शांतपणे म्हणाली, "पापा, आप डेट के लिए लड़ रहे हो या उस टेंट वाली बात के लिए?"

"दोन्हीसाठी," मी म्हणालो.

सौदा अडला की समोरच्यापेक्षा मालाची जास्त माहिती आपल्याला हवी, हा माझा धंद्यातला नियम. माल म्हणजे इथे सोळा नोव्हेंबर. मला एवढंच दाखवून द्यायचं होतं की कॅलेंडरवर कोरी तारीख नसतेच, प्रत्येक दिवशी कोणी ना कोणी कुठेतरी लढून मेलेलं असतं. मी मोबाइल घेऊन बसलो आणि पहिल्याच फटक्यात थबकलो. सोळा नोव्हेंबर, अठराशे सत्तावन्न. ठिकाण सिकंदरबाग, लखनौ.

सिकंदरबागेच्या चौकातून मी आठवड्यातून चारदा जातो. सिग्नलला शिव्या देतो. त्या दिवशी इंग्रजांनी तिथली भिंत फोडली आणि आत अडकलेले शिपाई जवळजवळ सगळे कापले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम टेम्पो बाजूला लावून आत गेलो. जुना दरवाजा उभा आहे, त्यावर मासे कोरलेत. बाहेर बंदूक घेतलेल्या एका बाईचा पुतळा आहे, तिच्याखाली मक्याची कणसं भाजणारा बसला होता. भिंतीला हात लावून पाहिला. वीट थंड होती, बाकी काही कळलं नाही. पण तिथून निघवेना.

मग मला नादच लागला. त्याच तारखेला, सोळाशे बत्तीस साली, स्वीडनचा राजा जर्मनीत धुक्यात वाट चुकून शत्रूच्या घोळक्यात शिरला आणि मारला गेला. गंमत अशी की स्वीडनमध्ये हाच दिवस सहा नोव्हेंबर म्हणून पाळतात, कारण तेव्हा त्यांचं कॅलेंडर दहा दिवस मागे होतं. एकच लढाई, एकच मेलेला राजा आणि दोन तारखा! म्हणजे तारीखसुद्धा कुणीतरी बसून ठरवलेलीच असते. हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो.

"अहो, घरात लग्न आहे, लढाई नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"सध्या दोन्ही एकच आहे," मी म्हणालो.

हा सगळा दारूगोळा घेऊन मी पुन्हा महानगरात गेलो. या खेपेला सुभेदारांची आई बाहेरच्या लाकडी तख्तावर मटार सोलत बसली होती. मी सिकंदरबागेपासून सुरुवात केली. सांगितलं की ज्या शहरात त्या दिवशी एवढी माणसं मेली, त्याच शहरात दर वर्षी त्या तारखेला वराती नाचतात. माझ्याच मांडवात नाचतात. मग स्वीडनचा राजा काढला. सुभेदार ऐकत होते. फौजी माणूस, लढाईची गोष्ट मध्ये तोडवत नाही.

"दहा दिवसांचा फरक?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण दहा."

"कमाल है," ते म्हणाले. आणि लगेच सावध झाले. "पण आमचा दिवस सोळाच आहे."

तेव्हा म्हातारी बोलली. मटारावरची नजर न उचलता.

"सोलह तो पलटन की तारीख है, बेटा. तार में तारीख थी ही कहाँ? लापता लिखा था. मेरा दिन तो वो है जिस दिन वो छुट्टी काटके गए. होली के बाद. गेहूँ कट रहा था." तिनं एक शेंग फोडली. "तू बच्चों का ब्याह कर, जिस दिन करना है."

मी जिंकलो होतो. दुसऱ्या कुठल्या सौद्यात इथे उठून हात पुढे केला असता आणि समोरच्याला विचार करायला वेळ दिला नसता. पण मी सुभेदारांकडे पाहिलं आणि उठवेना. त्यांनी वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. आईजवळ होळी होती, गहू होता, पाठमोरा माणूस होता. यांच्याजवळ एक फोटो आणि एक तारीख. आत्ता आईनंच ती त्यांच्या हातातून काढून घेतली होती, आणि ते परेडवरच्यासारखे ताठ बसून राहिले होते.

मी खुर्ची पुढे ओढली. "सतरा घ्या."

"सतराला लॉन कुठे आहे? तुम्हीच म्हणालात, महिनाभर जागा नाही."

"रात्रीची नाही. सकाळची आहे. तुमच्या लखनौत सकाळी लग्न करतो कोण? सोळाची रात्र मी सोडली की दुसरं कुणी घेईलच. त्यांची वरात पहाटे निघून जाते, सतराची संध्याकाळी येते. मधला वेळ लॉन मोकळं. आमच्याकडे लग्नं सकाळीच लागतात."

"सकाळी?" त्यांचा आवाज परत आला. "आमचे बाराती दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत! थंडी, कोहरा..."

"फौजी घर आहे ना? बिगुल वाजवा."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. सुभेदार मात्र हिशेब करत होते. "सतराही कोरी नाही, समधी जी. सत्तावन्नमध्ये सतरालाच रेसिडेन्सीत वेढ्यात अडकलेले इंग्रज सोडवायला आलेल्या फौजेला भेटले."

हे मला माहीत नव्हतं, आणि राग आला की मला माहीत नव्हतं. "भेटले ना?" मी म्हणालो. "मग आपणही भेटू."

"सकाळी दहा."

"मुहूर्त साडेनऊचा आहे. तो माझ्या हातात नाही."

"हल्दी?"

सोळाला आमच्याही घरात ढोलक वाजणार नाही, हळद सतराला पहाटे लावू, असं मी सांगितलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि मान हलवली.

सतराला धुकं होतंच. लॉनवर रात्रीच्या लग्नाचे झेंडू तसेच लटकत होते, माझी माणसं एका बाजूनं ते उतरवत होती आणि दुसऱ्या बाजूनं आमचे चढवत होती. वरात अजून यायची होती, पण सुभेदार एकटेच पुढे आले. कोटावर पदकं, गळ्याला मफलर, चेहरा ओढलेला. आदल्या दिवशी त्यांच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. ते सरळ पोह्यांच्या कढईपाशी जाऊन उभे राहिले. मी आचाऱ्याच्या हातून झारा घेतला आणि बशी भरून दिली. त्यांनी उभ्या उभ्या संपवली.

"और है?"

"भरपूर आहे," मी म्हणालो, आणि बशी पुन्हा भरली.