आत्याची घरपट्टी आणि उजवा कौल

तुम्ही हसलात तरी चालेल, एके काळी मीसुद्धा हसले असते. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. कौलबिल, देवाचं बोलणं... छे! पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय, भर दुपारी.

साठ सालानंतरची गोष्ट. तोंडवलीजवळचं आमचं गाव. माझी सुभद्राआत्या महायुद्धात आर्मीत नर्स होती – आसामच्या हॉस्पिटलात तीन वर्षं. परत येऊन तिनं स्वतःच्या कमाईवर घर बांधलं. पंचायतीनं माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली, तेव्हा तिनंही अर्ज दिला. सरपंच म्हणाले, "बाय, सैनिक म्हणजे पुरुष. तू तर दवाखान्यात होतंस."

आत्या पेटलीच. "घरपट्टी भरूक माझे हात मोडूक नाय! पण माका सैनिक नाय म्हणतास?"

सरपंचच देवळातले गावकर, म्हणजे गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालणारे मानकरी. वाद मिटेना तेव्हा म्हणाले, "चला, देवाक विचारूया." गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि गावकरांनी सवयीनं गाऱ्हाणं घातलं ते माझ्या वारलेल्या वडिलांच्या नावानं! बाईच्या नावानं गाऱ्हाणं घालायची रीतच नव्हती ना. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. पाकळ्या काही हलेनात. तास गेला, दीड तास गेला...

आत्या उठली. "गावकरानु, लढायेक मी गेलंय. भाव माझो मुंबयत गिरणीत होतो. माझा नाव घेवा!"

गावकर घुटमळले, मग म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही सुभद्रा..." वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी खाली! ठीक आहे, सुकली असेल. पण पाठोपाठ डावीही सुटली, आणि – शपथेवर सांगते – देवाच्या छातीवरून आडवी घसरत उजवीकडे येऊन पडली. समईची ज्योत सरळ होती, वाऱ्याचा पत्ता नव्हता.

गावकरांचं मात्र कौतुक. "चूक माझी, बाय," असं चारचौघांत म्हणाले आणि त्याच आठवड्यात आत्याच्या नावानं माफीचा ठराव केला. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही... आणि देवाचेही, असं म्हणायला आता मला लाज वाटत नाही.

पाकळी आडवी कशी आली? घरी ओल्या पाकळ्या लावून कितीदा तरी करून पाहिलं, हात टेकले. एकदा आत्यालाच विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मानही वर केली नाही. म्हणाली, "देवाक माझा नाव आधीच ठावक होता गो. गावाक ऐकूक व्हया होता."