गाठमुळीचा वास

भिंगकाका रस्त्याने चालताना भिंतीच्या कडेकडेने चालत. भित्रे होते म्हणून नव्हे. भिंत आणि जमीन मिळतात तिथल्या फटीत काही ना काही उगवतं म्हणून. गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग, पाठीला बाक, आणि बोटांना एक सवय जडलेली: हाताशी येईल ते खोड अंगठा आणि बोटात धरून फिरवून बघायचं. गोल असेल तर सहज फिरतं, चौकोनी असेल तर अडखळतं. "माझ्या सुयासुद्धा फिरवून बघतात," असं बायको आल्यागेल्याला सांगायची. ती घरातच, पुढच्या खोलीत मशीन मांडून लोकांचे कपडे दुरुस्त करायची. उसवलेल्या शिवणी, तंग झालेल्या कमरा, थोरल्याचे धाकट्याला करून देणं.

काका वनस्पती संग्रहालयात वर्णनं लिहायचे. रानातून आणलेलं झाड वाळायच्या आत समोर घ्यायचं आणि खोडापासून बीपर्यंत शब्दांत उतरवायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. त्या प्रदेशातल्या रानझाडांचा एक मोठा ग्रंथ तयार होत होता, त्याचा शेवटचा खंड हाती होता. तो छापायला गेला की काका निवृत्त होणार होते. अगदी नाकासमोर चालणारा माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अशा माणसांचं घरात आणि कचेरीत कुणी वाईट बोलत नाही, आणि फारसं काही बोलतच नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लांबलेला ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, तोंडाला चव आली तीही अर्धीमुर्धी. पण वास परत आला नाही. हे त्यांना कळलं ते दूध लागलं तेव्हा. ते शेगडीशेजारी बसून वाचत होते आणि पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. बायको बाहेरून आली ती नाकाला पदर लावूनच. "पुस्तकात डोकं घातलं की यांना घर जळलं तरी पत्ता लागायचा नाही," ती म्हणाली. काका हसले. विसरभोळा नवरा ही जुनी थट्टा होती, आयती हाताशी आली. तिच्या आड त्यांनी ते रिकामं नाक लपवलं, आणि मग बाहेर काढायचं राहूनच गेलं.

कचेरीत निभावून नेणं अवघड नव्हतं. वासाची जागा आली की ते कपाटातलं जुनं वर्णन काढत आणि तिथला शब्द घेत. झाडं काही दोन वर्षांत वास बदलत नाहीत. मनाला टोचायचं, पण टोचणी अंगवळणी पडते.

मग गाठमुळी आली.

हे तिचं कचेरीतलं नाव. मुळाला आल्यासारख्या गाठी, म्हणून गाठमुळी. जुन्या काळी औषधवाले गळ्यावरच्या गाठींना तिचं मूळ बांधायचे. गाठीसारखं दिसतं म्हणून गाठीवर लागू पडेल, एवढाच हिशेब. बंद पडलेल्या कागद गिरणीमागे एक कालवा आहे. पाणी वाहतं की थांबलंय हे नीट सांगता येत नाही असा. त्याच्या दगडी काठाच्या सांध्यांत, अर्ध्या सावलीत, पाय चिखलात आणि डोकं उन्हात ठेवून ही झाडं छातीपर्यंत वाढली होती. काकांना ती तशी परिचयाची. पण ही थोडी वेगळी दिसत होती.

त्यांनी एक झाड मुळासकट काढलं आणि तिथेच, दगडावर बसून लिहायला घेतलं, कारण गाठमुळी वाळली की काळी पडते आणि मग तिच्यात बघण्यासारखं काही उरत नाही. खोड चौकोनी, चारही कडांना हिरव्या फितीसारखी अरुंद पाती. पानं समोरासमोर, एक जोडी पूर्व-पश्चिम तर वरची दक्षिण-उत्तर. कडा दातेरी. देठाजवळ पानाला दोन छोटे कान, नेहमीपेक्षा मोठे. फुलं मात्र इतकी लहान की येणारा-जाणारा त्यांना फुलं म्हणणारच नाही. हिरवट फुगीर बोळकं, वर तपकिरी-तांबडा ओठ, जखमेवर सुकलेल्या रक्ताच्या रंगाचा. आत चार पुंकेसर, आणि पाचवा नुसता नावाला. त्याला परागकण नाहीत. वरच्या ओठाखाली एक चपटा खवला होऊन तो बसलेला असतो, रिकाम्या खुर्चीसारखा. या झाडात तो खवलाही अगदी चिंचोळा होता. फूल उमलतं तेव्हा आधी मादी भाग बाहेर येतो, त्याचं काम झालं की तो खाली मान टाकतो, आणि मगच पुंकेसर वर येतात. एकाच घरात राहून दोघांची गाठ पडत नाही. काका भिंगातून हे बघत राहिले. या झाडाला फुलपाखरं विचारत नाहीत. गांधीलमाश्या येतात, आणि त्या येतच होत्या, काकांच्या कानाजवळून.

त्याच तंद्रीत त्यांनी पान चुरडलं, नाकाशी नेलं, आणि लिहिलं: निर्गंध.

मुद्दाम नाही. वर्षानुवर्षांची रीत होती: चुरडायचं, हुंगायचं, लिहायचं. नाकाला काही कळलं नाही, म्हणून हाताने काही नाही असं लिहिलं. आपल्याला कधीच काही कळत नाही, हे त्या क्षणी ते विसरले.

पुढचं सगळं विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर घडलं. मॅडम एके काळी काकांच्या हाताखाली शिकलेल्या. अजूनही त्यांना काकाच म्हणत. त्यांनी वर्णन वाचलं, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं, आणि काकांना बोलावलं.

"काका, बसा आधी. पानाचे कान आणि तो खवला, एवढ्यावर मी काही बोलले नसते. पाण्याकाठी पानं मोठी होतातच. पण गाठमुळीच्या साऱ्या भावकीत वास नसलेली एकही नाही. घाण वासावरूनच ओळखतात तिला. तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर ही नवी जात आहे."

काका भिंगाचा दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"आणि नाव तुमचं द्यायचं. मी ठरवलंय. नाही म्हणू नका."

त्यांनी नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. त्यांच्या गप्पपणाला तिथे सगळे विनयच समजत. वाळलेली झाडं कागदावर चिकटवणारा, ज्याला सगळे डिंक्या म्हणत, तो जिन्यात भेटला. "काका, मजा आहे. आता झाड होऊन चिखलात उभे राहा आणि गांधीलमाश्या पाहुण्या बोलवा."

काका हसले, आणि हसता हसता हिशेब करत जिना उतरले. वाळलेल्या झाडाला वास राहत नाही. कपाटातल्या काळ्या पानावरून कुणी पडताळू शकणार नव्हतं, आणि कालव्याच्या चिखलात हुंगायला कुणी जाणार नव्हतं. ते बोलले नाहीत तर त्यांचं नाव ग्रंथात राहणार होतं, त्यांच्या पश्चातही, एका खोट्या शब्दाच्या खुंटीला टांगलेलं. जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यांच्या नावांची झाडं लिहिली त्याला हे नको होतं असं म्हणणं लबाडीचं ठरेल. त्यांना ते हवं होतं. जेवताना हवं होतं, चालताना हवं होतं.

घरी बायको बहिणीला फोनवर नावाचं सांगत होती. "अगं, रोप आहे म्हणे. नाही, वास नाही त्याला. यांच्यासारखंच, निरुपद्रवी."

ते ऐकून काका तिच्या मशीनजवळ येऊन उभे राहिले. "उद्या सकाळी माझ्याबरोबर येतेस?"

"कुठे?"

"कालव्यावर."

तिने चष्म्यावरून पाहिलं. "लग्न होऊन मुलगी सासरी गेली, तिची पोरं शाळेत गेली, आणि आता मला फिरायला नेताय?"

"ये तर."

सकाळी ती आली, चांगल्या चपला घालून, आणि चिखल बघून थांबली. "हे दाखवायला आणलंत?" मग झाडाजवळ वाकली. खोड तिने नकळत बोटांत धरलं. "याला चार शिवणी आहेत. बाहेरून गोट मारलाय." गांधीलमाशी आली तशी मागे सरली. "आणि ही फुलं? एवढीशी? तुमच्या नावाला जरा बरं काही मिळालं नाही का हो?"

काकांनी पान तोडलं, चुरडलं आणि तिच्यासमोर धरलं. "वास घे."

तिने घेतला आणि झटक्यात तोंड फिरवलं. "शी! मेलं काय आहे हे?"

"येतोय?"

"येतोय काय विचारता? डोक्यात गेला. तुम्हाला नाही येत?"

काका पाण्याकडे बघत राहिले. पाणी कुठेच जात नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "तापापासून नाही. कसलाच नाही."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती आधी दुधाबद्दल बोलेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "मग ते अत्तर?"

"कुठलं?"

"पोरीने पाठवलेलं. मी विचारलं, कसंय? तुम्ही म्हणालात, फार छान. अहो, मला ते मुळीच आवडत नव्हतं. डोकं उठायचं त्याने. तुम्हाला आवडतं म्हणून वर्षभर लावत बसले मी."

"मला वाटलं, तू लावतेस म्हणजे छानच असणार."

"आणि गॅस सुटला असता म्हणजे? मी बाजारात, तुम्ही घरात वाचताय. मग?"

ती दगडावर बसली, पाठ त्यांच्याकडे करून. गांधीलमाश्या आपलं काम करत होत्या. काकांना वाटलं, हिला घरी जायचं असेल. पण तिने मागे न बघता हात पसरला.

"आणा इकडे ते पान. आणि लिहा."

तिने डोळे मिटून हुंगलं, पुन्हा हुंगलं, कापड पारखताना करायची तसं तोंड करून. "ओलं फडकं बादलीत विसरलं की दुसऱ्या दिवशी येतो, तसा. त्याच्याखाली काहीतरी कच्चं, हिरवं. आणि शेवटी जरासा बोकडाचा. लिहिलंत?"

"लिहिलं."

"आता आपण घरी जाऊ. आणि तुम्ही उद्या त्या मॅडमना सांगा. मी बहिणीला काय सांगायचं ते मी बघीन."

मॅडमने सगळं ऐकून घेतलं. त्यांचाही जीव त्यात गुंतला होता. नव्या जातीचा मसुदा त्यांच्याच अक्षरात टेबलावर होता. तो त्यांनी हळूच पालथा घातला.

"आधी का नाही बोललात, काका?"

"नाव हवं होतं," काका म्हणाले. दुसरं काही सांगता आलं असतं, पण सुचलं नाही.

मॅडमने खंडाची फाईल जवळ ओढली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो काका रात्रभर टाळत होते. "आणि मधल्या दोन वर्षांतली वर्णनं? त्यांतले वास कुठून आणलेत?"

"जुन्या वर्णनांतून."

"म्हणजे कुणी घेतलेलेच नाहीत."

"नाही."

"मग खंड थांबवावा लागेल."

"हो. ती सगळी झाडं परत गाठावी लागतील, ज्या त्या हंगामात. मी जातो. नाक घेऊन जातो बरोबर."

मॅडमना हसू आवरलं नाही, रागावल्या असूनही.

अशा रीतीने काकांची निवृत्ती पुढे गेली. दुपारी मशीनवर कापड झाकून बायको त्यांच्याबरोबर निघायची. ओढ्याकाठी, पडक्या भिंतींमागे, माळावर. ते चुरडायचे, ती हुंगायची आणि सांगायची, आणि काका तिच्या तोंडाकडे बघत लिहायचे. एखादा वास तिला आवडला की ती लगेच सांगत नसे. थोडा वेळ एकटीच ठेवून घ्यायची. तेव्हा काका तिच्या चेहऱ्यावर तो वास शोधायचे.

शेवटी खंड छापून आला. गाठमुळी जुन्याच नावाने होती, पानाचे मोठे कान तेवढे तळटिपेत. बायकोने ओळीवर बोट ठेवून वाचलं: चुरडल्यावर कुबट, उग्र गंध.

"फडकं काढून टाकलं यांनी," ती म्हणाली.

"मी लिहिलं होतं."

"आणि बोकडही नाही." तिने ग्रंथ मिटून मशीनच्या फळीवर ठेवला आणि पायडलवर पाय टेकला. "शेगडीवर दूध आहे. मी सांगते उतरवायचं कधी ते."