रोममधली सून

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या सासऱ्यांना काही दिवस वाचायला मनाई होती, म्हणून दुपारी मीच त्यांना वाचून दाखवायचे. सिंदी गावात जन्मभर भाजीपाला पिकवलेला माणूस. पिपरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांचा वेळ जात नसे. मी वाचनालयातून प्राचीन रोममधल्या गुन्हेकथांचं पुस्तक आणलं. त्यातला म्हातारा सैनिक खुनांचा छडा लावायचा. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, तो फार आवडला.

एका कथेत तेलाच्या व्यापाऱ्याला त्याची सून मसुरीच्या आमटीतून रोज थोडं थोडं विष देते. ती त्या भांड्यातलं स्वतः कधीच खात नाही, यावरून सैनिकाला तिचा संशय येतो.

ती कथा ऐकली त्याच दिवशी जेवताना मामाजींनी वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"तू जेवली काय?"

"तुमचं झालं की जेवते न, मामाजी."

"नाई. आधी तू खा."

मी हसून दोन घास खाल्ले. ते मात्र हसले नाहीत. माझा घास घशाखाली जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

मग हे रोजचंच झालं. पुढे तर मी वाढलेलं ते उष्टवतही नसत; नवऱ्याने वाढलं तरच जेवत. एकदा तर शेजारच्या मांजरीपुढे वाटी ठेवून ते तिच्याकडे टक लावून बसलेले दिसले. मांजर वास घेऊन निघून गेली. त्यांनी मान डोलावली, जणू साक्ष मिळाली.

आता मीही त्यांच्यावर नजर ठेवू लागले. ते फोन घेऊन गॅलरीत गेले की मी दाराशी थांबे. एकदा आष्टीच्या नणंदेशी बोलताना ऐकलं, "वरन कडू लागते वो. काय टाकून राह्यली, काई समजत नाई." म्हणजे त्यांना खरंच माझा संशय होता. लग्नाला इतकी वर्षं झाली होती.

नणंद दुसऱ्याच दिवशी आली. तिने सरळ स्वयंपाकघरात जाऊन वरण चाखलं. "बाबा, चांगलं तं हाय. तुमाले काऊन कडू लागते?"

"मले तं पानीही कडू लागते," मामाजी म्हणाले.

मग तिने त्यांच्या गोळ्या पाहिल्या. ब्लडप्रेशरची गोळी नुकतीच बदलली होती. आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्या गोळीने काहींच्या तोंडाची चव बिघडते, डॉक्टर म्हणाले, आणि दुसरी लिहून दिली.

आठवड्याभरात मामाजींनी भाकरीबरोबर वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. माफी वगैरे मागितली नाही. मीही काही दिवस कामापुरतंच बोलले. राग होता, आणि त्याहून जास्त लाज, दाराआडून ऐकल्याची. एका दुपारी ते ताटावर बसले आणि जेवायला सुरुवातच करेनात.

"काय झालं, मामाजी?" मी धास्तावून विचारलं.

"काई नाई. तुयं ताट घेऊन ये. एकट्याले जेवन जात नाई."

मी ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले.