माझ्या अंगाचा सौदा

लघवी तुंबली तेव्हा मी बैलबाजारात उभा होतो आणि माझा हात दुपट्ट्याखाली होता. आम्हा बैलांच्या दलालांत भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची. भोवती शंभर माणसं असली तरी आकडा दोघांनाच कळतो. माझं पोट दगडासारखं झालं होतं, घाम फुटला होता. समोरच्याला वाटलं, भाव ऐकून फुटला. त्याने आपणहून एक बोट सोडून भाव उतरवला. मी सौदा पुरा केला आणि मगच खाली बसलो.

मुलाने मला बैलांच्या दमणीत घातलं, जऊळक्याच्या स्टेशनावर आगगाडी धरली आणि अकोल्याच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरने रबराची नळी घालून मोकळं केलं, तेव्हा त्या माणसाला माझी उत्तम खिल्लारी जोडी फुकट देऊन टाकावी असं वाटलं. पाच मिनिटांनी विचार बदलला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला कुशीवर वळवून मागून बोट घालून तपासलं. मी तोंडाला येईल ते बोललो. तरी माझं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर होतं. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जनावरांच्या अंगावरून हात फिरवला आहे. हाताला काय लागलं ते तोंडावर दिसू द्यायचं नसतं. या डॉक्टरला ते जमत नव्हतं. त्याच्या बोटाला काहीतरी लागलं, आणि ते चांगलं नव्हतं.

मग तो मुलाला घेऊन व्हरांड्यात गेला. मुलगा मॅट्रिक झालेला, वाशीमला मास्तर. मी परक्यांचे बैल या बाजारातून त्या बाजारात अनवाणी हाकत नेले, तेव्हा कुठे तो शाळेत बसला. खिडकीतून मला दोघं दिसत होते. डॉक्टर बोलत होता, मुलगा मान हलवत होता.

“खडा हाय बाबा,” तो आत येऊन म्हणाला. “लहानसं ऑपरेशन. उद्या करून टाकतीन. मी हो म्हटलं.”

“खडा? मंग माह्याकडं पाहून सांग.”

तो उशीकडे पाहत राहिला.

“कोणाले बनवून राह्यला तू? खोट्या लोकायचे तोंडं पाहून पोट भरलं म्या!”

“बाबा, ओरडू नोका. लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे! तुमी दोघं तिकडं भाव करा, अन् मी इथं बैलासारखा रवंथ करत उभा राहू? कोनं देल्लं तुले मुखत्यारपत्र?”

आयुष्यात मला पुष्कळांनी फसवलं आणि मी त्याहून जास्त जणांना नमवलं. ते सगळं विसरलो. पण माझ्याच देहाची बोलणी माझ्याच पोराने माझ्या पाठीमागे उरकली, हे मी आजही गिळू शकलेलो नाही. माझ्या आवाजाने नर्स धावत आली आणि तिच्यामागे डॉक्टर.

“साहेब,” मी म्हटलं, “माल माहा हाय. मले सांगा.”

त्याने स्टूल ओढलं आणि सांगू लागला. मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी सगळ्याच पुरुषांना असते. माझी दगडासारखी टणक झाली आहे. तिच्यात कर्करोग आहे, असं त्याला वाटतं. तो आता इतका पसरला आहे की कापून काढता येणार नाही. पण अलीकडे एक नवा उपाय निघाला आहे. दोन्ही अंडं काढून टाकली तर त्या गाठीचं खाणंच तुटतं आणि ती आकसते.

मला हसू फुटलं. नर्स घाबरून मागे सरकली इतकं.

“म्हंजे तुमी मले बडवता!”

गोऱ्ह्यांना बडवून त्यांचे बैल करतात. ते काम माझ्या डोळ्यांसमोर किती वेळा झालं त्याला मोजदाद नाही. त्यातली एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. कोवळेपणी बडवलेला गोऱ्हा सुधारतो. म्हातारा वळू बडवला की तो सुजतो, चारा सोडतो आणि बसतो, आणि बसला तो उठत नाही. असा माल मी कधी घेतला नव्हता. हे मी डॉक्टरला ठणकावून सांगितलं आणि घरी निघायला उठलो.

“तुम्ही बडवता कसे?” त्याने विचारलं.

“दोन दांड्यांत धरून ठेचतो.”

“मग सुजणारच. मी ठेचत नाही. लहान चीर देतो, नस बांधतो, काढतो, शिवतो. तुमचा वळू बसतो तो ठेचल्यामुळे, म्हातारपणामुळे नव्हे.”

चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं! मी पुन्हा खाटेवर बसलो. असा माझ्या तोडीचा माणूस बाजारात कधी भेटला नव्हता.

“बरा होईन?”

“नाही.”

“नाही?”

“रोग झोपतो, मरत नाही. कधीतरी पुन्हा उठेल.”

“कवा?”

“ते मला सांगता येत नाही. शिवाय अंगातून गरम वाफा निघतील, पाळी जाताना बायकांच्या निघतात तशा. ताकद घटेल. बाईची ओढ राहणार नाही.”

“अन् नाही केलं तं?”

“जन्मभर नळी. मग हाडांत उतरेल. फार दुखेल.”

लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा आमच्या गावच्या वैदूने एकवीस दिवसांत साफ बरा करतो म्हणून छातीवर हात ठेवला होता. आपल्या जनावराची खोड आपल्या तोंडाने सांगणारा विकणारा दहा बाजारांत एखादाच भेटतो, आणि त्याचं जनावर मी डोळे मिटून घेतो. हा डॉक्टर एकामागून एक खोड सांगत होता. सौदा रंगात आला की होतं तसं माझं रक्त उसळत होतं. लोकांना वाटलं, म्हातारा भेदरला. भेदरलो होतोच, पण त्याहून जास्त मला चेव चढला होता.

बायको आमच्याबरोबर येऊन धर्मशाळेत उतरली होती, ती दुपारी भाकर घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

“तुले काय वाटते?”

“मले कायले इचारता? या वयात नवं लेकरू पाह्यजे का तुमाले?”

“मर्दपन जाईन माह्यं.”

“अन् तुमीच गेले तं? कोणाचं मर्दपन घेऊन बसू मी?” ती भाकर कुस्करत राहिली. मग म्हणाली, “त्यानं रागबी जाते का, इचारा डॉक्टरले. जात असन तं आजच करा म्हना.”

शेजारच्या खाटेवरचा रोगी टाके दुखेपर्यंत हसला.

संध्याकाळी डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आला आणि त्याने तो सवयीने मुलापुढे धरला. मुलाने पेन उघडलं. मी दोन्ही हिसकावून घेतली. सही मी चाळिशीत शिकलो. ती मोठी आणि वाकडी येते. तिने अर्धा कागद अडवला.

“एक अट,” मी डॉक्टरला म्हटलं. “जे सांगायचं ते पह्यले मले.”

“कबूल.”

“अन् सकाळी पह्यला नंबर माहा.”

कमरेत सुई टोचून खालचं अंग बधिर केलं होतं. काम चालू असताना मी इतके प्रश्न विचारले की शेवटी डॉक्टरने गप्प बसण्याची विनंती केली.

तीन आठवड्यांनी नळी काढली. मी भिंतीला धरून मोरीपाशी उभा राहिलो. बराच वेळ काही होईना. मग सुरू झाली, आणि थेंब थेंब नव्हे, धार! जवानीत पडावी तशी सरळ धार. मी अशी आरोळी मारली की मुलाला वाटलं, मी पडलो. तो धावत आला.

“पाह्य! पाह्य रे! नळीबिगर!”

तो दारात उभा राहून हसू लागला आणि हसता हसता रडू लागला. “डॉक्टरले बोलावून आणू का?”

“थांब की. पुरी तं होऊ दे.”